दुपारचा वारा पाचला पडतो, मग वेग मोजायचा कधी?

प्रश्न थोडक्यात असा: यावल आणि भुसावळचे दोघे मित्र जुलैत तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डावरून वाऱ्याच्या जोरावर धावणं) करतात आणि जीपीएस लावून वेग मोजतात. दुपारी वारा चांगला असतो. पण सामान जोडणं, सराव, जेवण हे सगळं उरकून मोजणीच्या फेऱ्या सुरू करेपर्यंत तो ओसरायला लागतो आणि पाचच्या सुमारास पडतोच. सलग २ सेकंदांचा उच्चांक २७.१ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दिसतो, पण १० सेकंदांच्या पाच उत्तम फेऱ्यांची सरासरी २२ च्या वर सरकत नाही. सेल, म्हणजे शीड, ६.५ चौरस मीटरचं, फिन, म्हणजे बोर्डाखालचं उभं पातं, ३४ सेंटीमीटरची. ७.८ चं सेल आणि मोठी फिन घेतली तर वारा उतरल्यावरही वेग टिकेल का?

भाऊ, सेल घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नका घेऊ. तुमची अडचण वेळेची आहे, आणि थोडीफार जागेची. तुम्ही पाठवलेल्या नोंदीतच ती दिसते. पहिली मोजलेली फेरी ४ वाजून २० मिनिटांची, २४.६ नॉट. मग ४.२९ ला २३.०, ४.३७ ला २२.१, ४.४८ ला २०.८ आणि ४.५८ ला १९.५. बेरीज ११०, सरासरी २२. एकही फेरी आधीच्या फेरीपेक्षा चांगली नाही. माणूस दमला असता तर आकडे वरखाली झाले असते, मध्येच एखादी फेरी साधली असती. इतका सरळ उतार वाऱ्याचाच असतो. आणि तो २७.१ चा उच्चांक बघा, तो दुपारी १ वाजून ५० मिनिटांचा आहे, सरावातला. हार्नेसच्या, म्हणजे कंबरपट्टा सेलला अडकवायच्या, दोऱ्या जुळवून बघताना झोत आला, बोर्ड सुटला आणि तुम्ही लगेच वळलात, म्हणून १० सेकंद भरलेच नाहीत. दिवसातला सगळ्यात चांगला वारा दोऱ्या जुळवण्यात गेला आणि मोजणी उरल्यासुरल्या वाऱ्यावर झाली.

आता मोठ्या सेलचा हिशेब करू. सेलवर येणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत असतो. वारा २० नॉटवरून १६ वर आला तर वेग पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण जोर ३६ टक्क्यांनी गेला. ६.५ च्या जागी ७.८ लावलं की कापड २० टक्क्यांनी वाढतं. त्याचा अर्थ एवढाच, की ६.५ चं सेल १८ नॉटला जेवढं ओढतं तेवढं ७.८ चं सेल साधारण साडेसोळा नॉटला ओढेल. इतका खर्च करून तुम्ही दीड नॉट वारा विकत घेतलात. तुमच्याकडे साडेचार ते पाच या अर्ध्या तासात वारा १८ वरून १२ वर येत असेल, तर तोच जोर टिकवायला साडेचौदा चौरस मीटर कापड लागेल. असं सेल वेगाच्या बोर्डावर कोणी चढवत नाही. वर मोठ्या सेलला हवेचा अडथळा जास्त, वजन जास्त, त्याला मोठी फिन, मोठ्या फिनला रुंद बोर्ड. हे सगळं जमवून तुम्ही १४ नॉटमध्ये झकास फिराल, पण २५ ची सरासरी त्यातून निघणार नाही. ७.८ चं सेल ज्या दिवशी दुपारीच १५ नॉट असतो त्या दिवसासाठी चांगलं. पडत्या वाऱ्याचा पाठलाग करायला ते कामाचं नाही.

वारा का पडतो, हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा मोठा प्रवाह वाहत असतो, जोराच्या दिवसांत ३० नॉटच्याही पुढे. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि पश्चिमेला सुरतेकडे उघडं. सह्याद्रीही इकडे संपत आलेला. म्हणून हा प्रवाह खानदेशात सरळ शिरतो. पण तो वर असून उपयोग नाही, पाण्यापर्यंत यायला हवा. ते काम ऊन करतं. जमीन तापली की हवा रवीने घुसळल्यासारखी खालीवर होते आणि वरचा जोर खाली उतरतो. ऊन तिरपं झालं, जमिनीचा ताप कमी झाला की घुसळण थांबते. वरचा वारा वरच राहतो, खालचा थर जमिनीला घासून मंदावतो. सूर्यास्त जुलैत सातच्या पुढे असतो, पण सूर्य मावळायची वाट वारा बघत नाही. साडेचारनंतर उतार लागतो, आणि पश्चिमेला ढग जमले असतील तर चारलाच.

साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिकडचे लोक हमखास म्हणतात, वारा कुठे पडलाय, पाती तर गरगर फिरतायत! फिरणारच. ती जमिनीपासून ५० मीटर आणि त्याहूनही वर असतात, तेही पठारावर. संध्याकाळी खाली शांत झालं तरी त्या उंचीवर वारा टिकतो, पावसाळ्यात कितीदा रात्रीही तो जोरात असतो. शिवाय पवनचक्की फिरायला लागते ती ६-८ नॉटला. तेवढ्यात तुमचा बोर्ड पाण्यातून उठतही नाही. उठून सपाट धावायलाच १२-१३ नॉट लागतात आणि वेग मोजण्यासारखा व्हायला १७-१८. तेव्हा पाती बघून गाडी काढू नका.

फोनमधल्या अॅपचंही तसंच. ती १० मीटर उंचीवरचा वारा सांगतात. हातातल्या यंत्राने काठावर डोक्याच्या उंचीला मोजलात तर गवताळ जमिनीवर तो साधारण पाव हिश्शाने कमी भरतो, पाण्यावर १५ टक्क्यांनी. अॅप २० म्हणतं आणि यंत्र १५-१६ दाखवतं तेव्हा अंदाज चुकला असं नसतं, मोजायची उंची वेगळी असते. मी स्वतः आदल्या रात्री दोनच गोष्टी बघतो: ८५० हेक्टोपास्कलच्या पातळीवरचा वारा, कारण तोच तो दीड किलोमीटरवरचा साठा, आणि दुपारचे ढग. साठा २५ च्या वर आणि अकरा ते तीन ऊन असेल तर पहाटेच सामान भरून ठेवतो. साठा चांगला पण दिवसभर गच्च आभाळ असेल तर वारा दिवसभर एकसारखा, मध्यम राहतो, दुपारची उसळी येत नाही. त्या दिवशी जेवून गेलात तरी फरक पडत नाही.

उन्हाचा दिवस असेल तर मात्र जेवण नंतर. सामान सव्वाबाराच्या आत पूर्ण जोडलेलं पाहिजे, म्हणजे सेल ताणून, फिन बसवून, दोऱ्या जुळवून, जीपीएस आकाशाखाली दहा मिनिटं ठेवून उपग्रह पक्के धरलेले. दोऱ्या आणि बूमची (सेल धरायच्या आडव्या दांडीची) उंची ही कामं घरच्या अंगणात किंवा सकाळच्या झुळकीत करायची असतात. वारा १५ च्या पुढे गेला की पाण्यात उतरायचं आणि पहिलीच फेरी मोजणीची समजून मारायची. अंग सैल करायला काठावर पाच मिनिटं पुरतात. साडेबारा ते तीन ही तुमची खरी वेळ. त्यातही वारा चढता असताना मारलेल्या फेऱ्या शिगेच्या वाऱ्यापेक्षा पुष्कळदा चांगल्या निघतात, कारण तोवर पाण्यावर लाटांचा खडबडाट माजलेला नसतो. ही गोष्ट लोक ऐकून सोडून देतात, म्हणून जोर देऊन सांगतोय.

दुसरा वेळ जातो फेरीच्या लांबीत. तुमच्या नकाशावर प्रत्येक फेरी ५०० मीटरची दिसते. कशासाठी? ५०० मीटरची सरासरी काढायची असेल तर ठीक, २५ नॉटला त्याला ३९ सेकंद लागतात. पण तुम्ही मोजताय १० सेकंद. २५ नॉटने १० सेकंदांत १२९ मीटर होतात. वेग पकडायला आणखी शंभर धरा. अडीचशे मीटर बस्स. वेग काढायचा तर वाऱ्याशी १२० ते १३५ अंशांचा कोन ठेवून, म्हणजे वाऱ्याच्या बाजूने उतरत जावं लागतं, आणि जितकं खाली उतराल तितकं परत वाऱ्यावर चढावं लागतं. ५०० मीटरच्या फेरीत तुम्ही तीनशेहून जास्त मीटर वाऱ्याखाली जाता. वर यायला तुम्हाला आठ ते अकरा मिनिटं लागतायत. लांबी निम्मी केली की हा वेळही जवळपास निम्मा होतो, आणि त्याच दोन तासांत दुप्पट फेऱ्या मिळतात. पाच चांगल्या फेऱ्या हव्या असतील तर पंधरा माराव्या लागतात, हे गृहीत धरा. नामिबियातल्या लुडरिट्झला फ्रेंच विंडसर्फर अँटोइन अल्बोने २०१५ मध्ये ५०० मीटरवर ५३.२७ नॉटचा विक्रम केला. तिथे वेगासाठी मुद्दाम कालवा खणलेला आहे, योग्य वाऱ्याची वाट बघत लोक आठवडेच्या आठवडे थांबतात, आणि खाली पोचलेल्याला गाडीत घालून परत वर आणतात, परतीत वारा वाया जाऊ नये म्हणून. आपल्याकडे काळ्या मातीच्या चिखलातून गाडी जायची नाही, बोर्ड खांद्यावर घेऊन चालायचं म्हटलं तर पाय घोट्यापर्यंत रुततो. म्हणून फेरीच आखूड ठेवा.

आता जागा. तुम्ही लिहिलंय की पाचला वारा "पंधरा मिनिटांत गायब" होतो. उन्हाबरोबर उतरणारा वारा इतक्या झटक्यात जात नाही, तो तासभर घेतो. तुमच्या आकड्यांचा उतारही संथच आहे. शेवटी जे एकदम होतं ते बहुतेक वेगळं असतं: वारा अजून आहे, पण वळलाय. दुपारी तो पश्चिमेचा असतो, ऊन उतरताना नैर्ऋत्येकडे सरकतो, असं मी या खोऱ्यात नेहमी पाहतो. तुमची फेरी आग्नेयेकडे जाते. वारा होकायंत्राच्या २६० अंशांवरून येत असताना १३५ अंशांकडे जाणं म्हणजे १२५ चा कोन, अगदी हवा तसा. वारा २३५ वर आला की तीच फेरी १०० अंशांची, जवळजवळ आडव्या वाऱ्याची होते. वाऱ्याचा जोर तेवढाच असला तरी वेग जातो. त्यात भर म्हणजे आता वारा काठावरच्या बाभळींवरून येतोय. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा फाटलेला असतो, पूर्ण सावरायला वीसपट आणि जास्तही लागतं. तीन मीटर उंचीची झुडपं असली तरी काठापासून तीस मीटर पाणी बाद. आणि वेगाची फेरी तर काठाला धरून, पाच-दहा मीटरवरून मारायची असते, कारण तिथेच पाणी सपाट असतं.

यावर एक साधा उपाय आहे. दोन बांबू घ्या, टोकाला रंगीत रिबन बांधा. एक फेरीच्या सुरुवातीला रोवा, एक शेवटाला, दोन्ही पाण्याच्या कडेला. वारा उतरतोय असं वाटलं की आधी दोन्ही रिबन बघा. दोन्ही लोंबल्या तर वारा खरंच गेला. दोन्ही ताठ पण दिशा बदललेली, तर फेरी बदला. एक ताठ आणि एक फडफडत गोल फिरणारी, तर तुम्ही आडोशात आहात. काठावरच्या पिंपळाकडे बघून ठरवू नका, त्याची पानं कशानेही हलतात. केळीची बाग दिसत असेल तर तिची पानं बरी, पण रावेर-यावलकडे बागेभोवती शेवरीचं कुंपण असतं ते वारा अडवण्यासाठीच, म्हणून कुंपणाच्या वरच्या पानांकडे बघायचं.

काठ निवडताना पाण्याची पातळी ध्यानात ठेवा. खानदेशातल्या धरणांचं दुखणं असं की वारा मे ते ऑगस्ट आणि भरलेलं पाणी सप्टेंबरपासून. जूनमध्ये पाणी तळाला असतं, कडा वर असतात, आणि तुम्ही खोलगटात फिरता. वारा डोक्यावरून जातो. पावसाळ्याच्या पूर्वार्धात पुराला जागा ठेवायची म्हणून धरण काठोकाठ भरतही नाहीत. अशा वेळी जिथे जमीन पाण्यातून अगदी हळू चढत जाते अशी गाळपेराची उघडी जागा शोधा, जमिनीची जीभ पाण्यात शिरलेली असेल तर उत्तम. तिच्या पूर्वेच्या बाजूला पाणी सपाट आणि वारा स्वच्छ मिळतो. उंच काठ, रस्त्याचा भराव, धरणाची भिंत यांच्या जवळ जाऊ नका. आणि एक काठ पश्चिमेच्या वाऱ्याला, दुसरा नैर्ऋत्येच्या वाऱ्याला, असे दोन आधीच हेरून ठेवा. मे महिन्यात पाणी खाली असताना दोन्ही पायी चालून बघा. बांधाचे दगड, वेड्या बाभळीची खुंटं, काटेरी तारेचे तुकडे, जुन्या विहिरीची कडा, हे सगळं जुलैत अर्ध्या मीटर पाण्याखाली असतं आणि २५ नॉटला फिन त्यावर आदळली तर बोर्ड जागीच थांबतो, माणूस थांबत नाही. जाळी कुठे लावतात ते मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना विचारा. रिकाम्या बाटल्यांच्या तरंगत्या खुणा सोडतात, पण लाटांत त्या दिसत नाहीत. ती माणसं रोज पाण्यावर असतात, दुपारी वारा कुठे धरतो आणि कुठे नाही हेही त्यांना ठाऊक असतं. आदराने विचारलं तर सगळं सांगतात.

पडत्या वाऱ्यात झोतावर स्वार कसं व्हायचं, यावर थोडा वेळ घालवतो, कारण शिकून सुधारण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. वारा उतरताना एकसारखा उतरत नाही. सरासरी घसरते पण झोत येत राहतात, फक्त त्यांच्यातलं अंतर वाढतं. झोत पाण्यावर काळपट पट्ट्यासारखा दिसतो आणि वाऱ्याच्या दिशेने साधारण वाऱ्याच्याच वेगाने सरकतो. समजा झोत १८ नॉटने सरकतोय. तुम्ही आडव्या वाऱ्यावर सरळ जात असाल तर वाऱ्याच्या दिशेने तुमची गती शून्य, आणि शंभर मीटर लांबीचा पट्टा अकरा सेकंदांत तुमच्यावरून निघून जातो. तोच बोर्ड १३० अंशांवर वळवून २५ नॉटने सोडलात तर वाऱ्याच्या दिशेने तुमची गती १६ नॉट होते. झोत १८ ने जातोय, तुम्ही १६ ने. आता तो तुमच्या सोबत राहतो. फक्त तुम्ही त्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत असता, सेकंदाला सुमारे दहा मीटर. म्हणून पट्ट्याच्या अलीकडच्या कडेला शिरायचं. मधोमध शिरलात तर निम्मा झोत आधीच गेलेला असतो. दीडशे मीटर रुंदीचा पट्टा अलीकडून पकडला तर पंधरा सेकंद मिळतात, १० सेकंदांची फेरी त्यात आरामात बसते.

यासाठी वर थांबायला शिका. फेरीच्या सुरुवातीला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, हळू पुढेमागे करत खांद्यावरून मागे पाणी बघत राहायचं. काळा पट्टा पन्नास-साठ मीटरवर आला की आडव्या वाऱ्यावर वेग घ्यायचा, पहिला धक्का सेलमध्ये भरला की मगच खाली वळायचं. आधी वळलात तर सेल रिकामं पडतं आणि बोर्ड बसतो. तुमच्या दोघांच्या नोंदीत ही घाई दिसते: प्रत्येक फेरीत वळल्यावर लगेच वेग तीन-चार नॉटने खाली जातो आणि मग चढतो. तेवढं सुधारलं तर त्याच वाऱ्यात दीड-दोन नॉट निघतील. २ सेकंदांचा उच्चांक आणि १० सेकंदांची सरासरी यांतला फरक हा त्याचा मापदंड. फरक दीड नॉटच्या आत असेल तर झोत नीट वापरला. अडीच-तीन असेल तर झोत तुमच्या हातून निसटतोय. दोन्ही आकडे फेरीगणिक एकत्र उतरत असतील तर वाराच उतरतोय, तुमच्या हातात फार काही नाही.

उतरत्या वाऱ्यात सामानात बदल करायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी सेलचा खालचा ताण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सैल, बाहेरचा ताण एक-दोन सेंटीमीटर सैल, म्हणजे पोट भरतं. बूम सेंटीमीटरभर वर. मास्टचा (सेलच्या उभ्या काठीचा) पाया सेंटीमीटरभर मागे, म्हणजे बोर्डाचं नाक सुटतं. हे सगळं काठावर तीन मिनिटांत होतं. त्यानेही बोर्ड उठत नसेल तर फिन दोन-तीन सेंटीमीटरने मोठी. तुमच्या ३४ च्या जोडीला ३७ ची एक घेऊन ठेवा, हा खर्च मला पटतो. वेलीसारख्या पाणवनस्पती फिनला गुंडाळत असतील तर मागे झुकलेली वीड फिन लागेल. तिने थोडा वेग जातो, पण शेवाळाची शेपटी ओढत नेण्यापेक्षा बरं. जुलैच्या पुराबरोबर जलपर्णीही वाहून येते, फेरीआधी पाणी एकदा बघून घ्या.

सेल कंपनीचे तक्ते वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. ते समुद्रकाठच्या थंड, दाट हवेचा हिशेब धरून केलेले असतात. भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच, जुलैत हवा ३०-३२ अंश, दमट. ही हवा साधारण १० टक्क्यांनी विरळ असते. आपला २० नॉटचा वारा त्यांच्या १९ नॉटएवढाच ओढतो. तक्त्यात ६.५ लिहिलं असेल तिथे आपल्याला ७ लागतं. म्हणून कधी बदलायची वेळ आली तर ७.० चं घ्या, ७.८ चं नाही.

सर आली आणि गेली की वारा हमखास अर्धा-पाऊण तास बसतो, कारण सरीने खाली थंड हवेचा थर पसरवलेला असतो. ऊन परत आलं की वाराही परत येतो. दुपारी दोनला असं झालं तर सामान सोडू नका, तेव्हाच जेवून घ्या. चारला झालं तर सोडा. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशा-छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे सरकत असतो तेव्हा आपला पश्चिमेचा वारा वाढतो, ते दोन-तीन दिवस सोडू नका. पट्टा आपल्या डोक्याशी आला की पाऊस धो धो आणि वारा दिशाहीन. मे-जूनच्या वादळी ढगांचा वारा मात्र वेगासाठी अजिबात वापरू नका. आधी सगळं चिडीचूप, मग एकदम सोसाटा, दहा-वीस मिनिटांत परत शांत. रावेरकडे केळी आडवी करतो तोच हा वारा. त्याच्यासोबत वीज असते आणि तुमच्या हातात कार्बनचा उभा मास्ट. पश्चिमेला काळं दिसलं की बाहेर.

वारा पडण्याचा खरा धोका वेगळाच आहे. वेगाचा बोर्ड लहान, ७०-८० लिटरचा. ८० किलोचा माणूस त्यावर थांबून उभा राहिला तर तो बुडतो, सेल उचलता येत नाही. मधल्या पाण्यात वारा गेला तर तुम्ही पोहणारे आहात, सर्फर नाही. म्हणून लहान बोर्डावर काठापासून शंभर मीटरच्या पुढे जायचं नाही, तरंगण्याचं जाकीट कायम अंगात, आणि दोघांतला एक नेहमी काठावर. साडेचारनंतर तर पात्र ओलांडूच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की वरच्या पाण्यालाही ओढ लागते, आणि वारा नसलेला बोर्ड त्या ओढीसमोर काहीच करू शकत नाही. विसर्ग सुरू असेल त्या दिवशी पाण्यावर जायचंच नाही, वारा कितीही सुंदर असो. जलसंपदा विभागाच्या उपविभागीय कार्यालयात आधी लेखी विचारून परवानगी घ्या आणि विसर्गाची माहिती देणारा फोन नंबर तिथूनच घेऊन ठेवा. हिवाळ्यात बॅकवॉटरवर स्थलांतरित पक्षी उतरतात, तेव्हा तशीही हवा शांत असते, ते पाणी त्यांना सोडा.

ऑगस्ट संपेपर्यंत तुम्हाला आठ-दहा चांगल्या दुपारी मिळाव्यात. पुढची नोंद पाठवाल तेव्हा प्रत्येक फेरीची वेळ, काठावर यंत्राने मोजलेला वारा, रिबनची दिशा आणि कोणती फिन होती एवढं सोबत लिहा. पहिल्या पाच फेऱ्या दुपारी दोनच्या आतल्या असू द्या, मग सेलबद्दल पुन्हा बोलू.